खारं न्हाण

सहलीहून परत आलो त्या रात्री गाडीची डिकी रिकामी करताना एक कापडी पिशवी हाताला लागली. डिचोलीच्या बाजारातल्या साडीच्या दुकानाची, एक बंद तुटलेला, तिथे गाठ मारलेली. पोरांपैकी कुणाचे तरी ओले कपडे असतील, सकाळपर्यंत वास मारायला लागतील, म्हणून मी ती न्हाणीकडे नेली आणि दगडावर उलटी केली. आतून एक सहावारी निघाली. तिच्या घडीत परकर, ब्लाउज, एक पंचा आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत चार बोटं खोबरेल तेल. सगळं कोरडं. साडीची घडी जशी कपाटात असते तशीच होती, तिला डांबरगोळीचा वाससुद्धा अजून येत होता. बाटलीचं बूच उघडून तेल सांडू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा तुकडा लावून दोरा गुंडाळला होता. त्या दोऱ्याला सात-आठ वेढे होते.

पिशवी आक्काची होती.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याच घरात राहिली. आम्हा सगळ्या भावंडांना तिने न्हाऊमाखू घातलंय. आता पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे धरतात, पायऱ्या उतरताना ती भिंतीला तळहात लावून लावून उतरते. मांद्र्याकडच्या समुद्रावर तीन तास आम्ही लाटांत होतो आणि ती वाळूवर बसून होती. तिला तिथे मीच बसवलं होतं. ‘आक्का, तू इथे सावलीत बस आणि ह्या चपला तेवढ्या बघ,’ हे माझे शब्द. मी ते प्रेमानेच म्हटलं होतं, तिला ऊन लागू नये म्हणून. माडाखाली चटई घालून दिली, पाण्याची बाटली ठेवली. मग एकेकाने येऊन तिच्या ओटीत मोबाईल टाकले, गाड्यांच्या किल्ल्या टाकल्या, चष्मे टाकले. पुण्याच्या सुनेने मंगळसूत्र काढून दिलं, ते तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. चपलांचे सोळा जोड तिने माणसामाणसाचे वेगळे लावून ठेवले होते. मी वर आलो तेव्हा प्रत्येक जोडाचं तोंड समुद्राकडे नाही, घराच्या बाजूला होतं, म्हणजे येणाऱ्याला पाय घालून सरळ चालू लागता यावं.

ती आमच्याबरोबर समुद्रावर आली होती न्हायला, आणि हे सतरा माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे, गोव्यातल्या डिचोली, सत्तरी ह्या आतल्या भागात मे महिन्यात दर्यावर जायचं ते खाऱ्या न्हाणासाठी. मौजेचा भाग त्यात होता, पण तो मागून येई. अंगावरची खाज, घामोळं, सांध्यांचं दुखणं ह्यावर वर्षातून एकदा खारं पाणी अंगावर घ्यायचं, मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागायच्या आधी. आक्का सांगते, तिच्या लहानपणी, पोर्तुगीज असताना, गाड्या जोडून जात. गोवा मुक्त झाला तेव्हा, १९६१ साली, ती बारा-तेरा वर्षांची होती, म्हणजे ही त्याआधीची गोष्ट. संध्याकाळी जेवून बैलगाड्या निघायच्या, मुळगाव, अस्नोडा, म्हापसा करत उजाडता उजाडता कळंगुटच्या वाळूला लागायच्या. तिथे एका ख्रिस्तांव कुटुंबाच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, पाच दिवस उतरायचं. भाडं म्हणून उकड्या तांदळांचं एक पोतं आणि आमसोलं. परतताना त्या घरची बाई सुक्या बांगड्यांची माळ गाडीत टाकायची. पाच दिवस, रोज सकाळी न्हाण. बुड्या विषम घ्यायच्या, तीन नाहीतर पाच नाहीतर सात. न्हाणाच्या आधी पोटात काही घालायचं नाही, फक्त चहा. आणि नंतर गोडं पाणी अंगाला लावायचं नाही. मीठ अंगावर वाळू द्यायचं.

दिवस आजोबा ठरवायचे, आणि ते मी स्वतः पाहिलंय. ते कॅलेंडरासमोर उभे राहून तिथी मोजत. तिथीचे पाऊण करायचे की भरतीची वेळ येते, असा त्यांचा हिशेब. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. मिनिटाला मिनिट नाही जुळत, पण अंदाजाला पक्कं. अमावास्या-पुनवेला ते कधीच नेत नसत. तेव्हा उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात ओढतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, चढउतार कमी, दर्या निवांत. म्हाताऱ्यांना आणि पोरांना भांगाचं पाणी, असं ते म्हणत. आजही मला समुद्र दिसला की आधी तिथी आठवते, इतकं ते डोक्यात बसलंय. आणि तरी ह्या वेळी दिवस कसा ठरला, तर पुण्या-बंगळूरच्या मंडळींच्या सुट्ट्या जुळल्या त्या दिवशी. कॅलेंडराकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

माझ्या आठवणीतलं न्हाण ट्रकमधलं आहे. भाऊकाकांचा ट्रक लोहखनिजाच्या खाणीवर होता. दगडमाती भरून धक्क्यावर नेऊन ओतायची, तिथून बार्जमधून ती मुरगावला. आमच्या भागातल्या प्रत्येक दुसऱ्या घरासमोर तेव्हा ट्रक उभा असे. घरांच्या भिंती, केळीची पानं, दोरीवरचे कपडे, सगळं लालसर. मे महिन्याच्या एका रविवारी काका ट्रकचा हौदा धुऊन काढायचे. विहिरीच्या पंपाला पाईप लावून तासभर धुतलं तरी कोपऱ्यांतून लाल पाणी येतच राहायचं. मग त्यावर पेंढा, पेंढ्यावर चटया, चटयांवर आम्ही. बेळगावची आत्या, तिची चार मुलं, पुण्याचे काका-काकू, शेजारचं एक घर, सगळी मिळून तीस माणसं सहज होत असू. पहाटे चारला निघायचं. अंधारात फक्त वास कळत, पेंढ्याचा, डिझेलचा, डब्यातल्या सुक्या मासळीच्या किसमुरीचा आणि अस्नोड्याच्या आसपास एखाद्या भट्टीवरून येणारा गरम पावाचा. काका तिथे थांबत. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधत असायचा, त्याच्याकडून पन्नास उंडे, गोल पाव, घ्यायचे. हौद्यातून हात खाली, खालून गरम उंडे वर. आम्हाला खायची परवानगी नसे, न्हाण व्हायचं असे ना. ते नुसते गालाला लावून बसायचे.

पुढे कळंगुटला गर्दी वाढली. लुगड्यांनिशी पाण्यात बसलेल्या आमच्या बायकांचे परदेशी लोक फोटो काढू लागले, ते आजीला आवडेना. मग आम्ही वरच्या अंगाला सरकलो. शिवोलीचा पूल नव्हता, फेरीबोटीने चोपड्याला उतरायचं आणि मोरजीच्या पुढे कुठेतरी, सुरूंच्या रांगेमागे ट्रक उभा करायचा.

तिथली आक्का मला जशी दिसते तशी ती घरात कधी दिसली नाही. घरात ती हळू बोलायची, कोपऱ्यातून चालायची, सणासमारंभात मागे राहायची. विधवा बाईला त्या काळी घराने जेवढी जागा दिली तेवढ्याच जागेत ती वावरायची. पण दर्यावर पोरांचा ताबा तिच्याकडे असे. पदर खोचून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि आम्ही एकेक तिच्याकडे जायचो. ती आमची बगल धरायची, लाट यायची वाट बघायची आणि बरोब्बर लाट फुटायच्या आधी ‘नाक धर!’ म्हणून खाली दाबायची. वर आलो की डोळ्यांत मीठ, नाकात मीठ, कानांत गर्र आवाज आणि समोर तिचं हसणारं तोंड. ‘एक!’ ती मोठ्याने मोजायची. तिचा तेवढा मोठा आवाज मी वर्षातून एकदाच ऐकत असे. सगळी पोरं झाली की आजीला दोन्ही बाजूंनी धरून आणायचे. आजीला ती उथळ पाण्यात बसवायची, पाय समुद्राकडे करून. लाट परत जाताना आजीच्या टाचांखालची वाळू ओढून न्यायची, आजी हळूहळू खाली खाली रुतायची आणि ‘गो, मला घेऊन चालला!’ म्हणून ओरडायची. मग सगळ्यात शेवटी आक्का स्वतः आत जायची. एकटी. छातीएवढ्या पाण्यापर्यंत. किती बुड्या घ्यायची ते आम्ही मोजायला बघायचो आणि दरवेळी चुकायचो, कारण मध्येच एखाद्या बुडीत ती इतका वेळ खाली राहायची की आमचा धीर सुटायचा.

वर आल्यावर उंडे, घावणे, किसमूर, आंब्याचं सासव, फणसाचे गरे. खारट बोटांनी खाल्लेल्या सासवाची चव मला अजून सांगता येत नाही, गोड, आंबट, मोहरीचा झणका आणि त्यावर समुद्र. परत येताना म्हापशाला थांबून पुरुमेंत भरायचं, पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कांद्यांच्या माळा. घरी पोचेपर्यंत अंगावरचं मीठ वाळून कातडी ताणलेली असे. दंडावर पांढरे नकाशे उमटत. आम्ही एकमेकांचे दंड चाटून कुणाचा जास्त खारट ते ठरवत असू. त्या रात्री अंगाची आग आग व्हायची आणि झोप मात्र अशी लागायची की सकाळी उठवावं लागे.

२०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. खाणी थांबायला हव्या होत्या की नाही ह्यावर आमच्या घरात अजूनही दोन मतं आहेत. विहिरी आटल्या होत्या, शेतात गाळ आला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण काकांचा ट्रक अंगणात उभा राहिला तो उभाच. मध्ये थोडे दिवस काम सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा बंद. चाकांखाली गवत उगवलं, हौद्यात पावसाचं पाणी साचून बेडूक झाले. शेवटी भंगारात गेला. काकाही गेले. न्हाण बंद करायचं असं कुणी ठरवलं नाही. ट्रक नव्हता, पोरं शिकायला बाहेर पडली, आजी नव्हती. घरात डिचोलीच्या डॉक्टरचं मलम आलं.

आणि मग ह्या मे महिन्यात, इतक्या वर्षांनी, सगळे एकत्र यायचे ठरले. निम्मे मोपाच्या विमानतळावर उतरले, बेळगावचे चोर्ल्याच्या घाटाने आले. समुद्राला लागून खोल्या घेतल्या. मला खरंच आनंद झाला होता, हे लिहायला हवं. ज्यांच्याबरोबर पेंढ्यावर बसून गरम उंडे गालाला लावले ती माणसं केस पांढरे करून आली होती आणि त्यांची मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलत असली तरी लाटेत हात धरून उभी होती. वाईट काहीच घडलं नाही. कुणी आक्काला टाकून बोललं नाही. उलट सगळे तिच्या पाया पडले, तिला मधोमध बसवून जेवले. म्हणूनच ती कोरडी पिशवी मला झोपू देईना.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकेक गोष्ट उलगडत गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला तीनदा विचारलं होतं, ‘दर्यावर किती वाजता जायचं, बाबू?’ मला वाटलं, म्हातारपणची घालमेल. तिसऱ्या वेळी मी जरा त्रासून उत्तर दिलं. सकाळी न्याहारीला ती फक्त चहा प्यायली. माझी बायको दोनदा इडली घेऊन गेली, तिने ताट सरकवलं. आम्ही म्हटलं, बाहेरचं खाणं तिला आवडत नाही. ती पोटात काही न घालता बसली होती, न्हाणाच्या नियमाने. पिशवी तिने वाळूपर्यंत स्वतः आणली होती, मांडीखाली धरून बसली होती, मी पाहिली होती ती पिशवी! आणि मी चपला बघायला सांगितल्यावर तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाण्याकडे, आणि म्हणाली, ‘बरं. जा तुम्ही.’

तिने मागितलं का नाही, हा प्रश्न मी आधी तिच्यावर टाकून पाहिला. एक शब्द बोलली असती तर चौघांनी उचलून नेली असती. पण जिने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही ती त्या दिवशी, सतरा माणसांदेखत, माझे गुडघे दुखतात, मला पाण्यात धरा, असं म्हणेल? आणि पूर्वीही तिने मागितलं कुठे होतं? पूर्वी ती जागा तिची होती, कमरेएवढ्या पाण्यातली. आम्ही तिला तिथून उठवलं आणि चपलांजवळ नेऊन बसवलं.

सकाळी ती अंगणात आमसोलांना ऊन दाखवत होती. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, ‘आक्का, तुला न्हायचं होतं काल?’ तिने हात थांबवला नाही. एकेक साल पालथं करत म्हणाली, ‘कांय ना रे. सगळी गेली असती तर सामान कोण बघणार होतं?’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी आपण दोघंच जाऊ, असं मी तिला म्हटलं आणि ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच ती कधी कशाला हो म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि रात्री जो पाऊस लागला तो चार दिवस. अंगणात मिरगाचे लाल किडे दिसले तशी तिने पिशवी रिकामी करून साडी कपाटात ठेवली. ‘मिरग आला. आता दर्या आपला नव्हे,’ म्हणाली. खरंच होतं ते. जूनमध्ये किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, मासेमारीच्या होड्यासुद्धा दोन महिने वाळूवर. त्यात म्हातारीला कोण उतरवणार?

मी कामानिमित्त पेडण्याला गेलो होतो, तिथून किनाऱ्याकडे वळलो. प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन गाडीत होता. दर्या मातकट झाला होता, लाटा वरच्या दगडांपर्यंत येऊन आपटत होत्या आणि जीवरक्षक पोरगा शिट्टी फुंकत माझ्याकडे धावत आला. मी कॅन दाखवून म्हटलं, पाण्यात नाही उतरत, नुसतं भरून घेतो. ‘कशाला?’ म्हणाला. ‘घरी म्हातारी आहे,’ एवढंच मला सुचलं. त्याने अजून काही विचारलं नाही. माझ्या हातातून कॅन घेतला, लाट परतायची वाट बघून दोन पावलं पुढे गेला आणि भरून आणून दिला. ‘आमची शामाय पण न्हायची मेमध्ये,’ म्हणाला. शामाय म्हणजे आजी.

घरी आणून ते पाणी भाणात तापवलं, कोमट. न्हाणीत पाट ठेवला, पितळेचं घमेलं ठेवलं आणि आक्काला हाक मारली. तिने घमेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. ‘खारं आहे,’ म्हणाली, मग पुन्हा लावलं, ‘पण पातळ. पावसाचं मिसळलंय.’ साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन तिने पाय आत ठेवले. तिचे गुडघे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते, सुजून गोल झालेले, वाटीसारखे, उजव्याच्या खाली एक जुना व्रण. मी तांब्याने पाणी वरून सोडत होतो, ते पोटऱ्यांवरून घमेल्यात परत येत होतं. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता. ती डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने टाचा घमेल्याच्या तळाला घासून पाहिल्या, एकदा, दोनदा.

‘वाळू ओढत नाही रे खालून,’ ती म्हणाली.

मी तांब्या भरून पुन्हा सोडला. तिने पाय पुसायला पंचा मागितला नाही, मीठ वाळू दे म्हणाली. मग भिंतीला तळहात लावून उठता उठता विचारलं, ‘पुढच्या मेमध्ये अष्टमी कधी येते, बघ जरा.’ मी ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. पानं उलटत गेलो, डिसेंबरपर्यंत.

तिकडून तिने हाक मारली, ‘सापडली?’